धोंडवाडीचा रोबाट

'गावाला हवा रोबोट' ही चौकट वाचून तुम्हीही हसलात ना?

यंदाच्या उन्हाळ्यात एका दैनिकाच्या शेवटच्या पानावर ती आली होती. जळकोटाकडच्या धोंडवाडीतल्या काही लोकांनी नव्या लातूर जिल्ह्याच्या एका कचेरीकडे अर्ज केला, 'आमच्या वस्तीला रोबाट मिळावा.' कचेरीनं तो परत पाठवला. वर शेरा मारला, 'सदर वस्तू या कार्यालयामार्फत पुरविली जात नाही.' खाली वार्ताहरानं स्वतःची फोडणी घातली होती: रविवारी दूरदर्शनवर जपानी मालिका लागते, तिच्यातला इमारतीएवढा लोखंडी यंत्रमाणूस बघून खेड्यातल्या लोकांना दुष्काळातही चैन सुचू लागली आहे. अर्जाचं अक्षर देगलूरच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याचं असल्याचंही त्यानं शोधून काढलं होतं.

नांदेडच्या चहाच्या टपऱ्यांवर ती चौकट मोठ्यानं वाचली गेली. मी हसले नाही, मला राग आला. पण तो राग दोन्हीकडे होता, हे आता कबूल करते. हसणाऱ्यांचा आला, आणि पाण्याऐवजी खेळणं मागणाऱ्यांचाही आला. त्याच दिवशी मी लेख लिहायला बसले. मथळा आधीच ठरला होता, 'पडद्यावरची अफू'.

माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात. आमच्या घरात दोरीवर कपड्यांशेजारी ओली पत्रकं वाळत असायची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच, त्यामुळे 'अ' अन्यायाचा हे मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. मी ज्यात लिहिते त्या पाक्षिकाचा अंकही वडीलच जुळवतात. त्यांनी माझं पहिलं पान वाचलं आणि परत दिलं.

"धोंडवाडी बघितलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मी जुळवणार न्हाई."

म्हणून मी निघाले.

देगलूर

देगलूरच्या माणसाला भाषा किती येतात हे विचारू नये, तो मोजत बसत नाही. स्टँडवर उतरल्यापासून अर्ध्या तासात मी एकाच फळवाल्याला बायकोशी तेलुगूत, गिऱ्हाइकाशी कन्नडात आणि टांगेवाल्याशी उर्दूत बोलताना ऐकलं. टांगेवाल्याशी तो भांडत होता. मराठी त्यानं माझ्यासाठी राखून ठेवली होती. आमच्या नांदेडातही चार बोली ऐकू येतात, पण त्या आपापल्या गल्लीत राहतात.

त्या रेडिओ दुरुस्तीवाल्या राजन्नाचं दुकान म्हणजे स्टँडमागची पत्र्याची टपरी. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे, चष्म्याच्या काडीवर कथलाचे थेंब. चारही बाजूंना पोट उघडे रेडिओ. अर्ज तुम्हीच लिहिला का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "हाव. अक्षर माझं, अक्कल समद्यांची."

मी त्याला माझी भूमिका सांगायला सुरुवात केली. लोकांचं लक्ष पाण्यावरून उडवायला हे खेळ दाखवले जातात, वगैरे. त्यानं मान डोलवत एक तार माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही जरा धरा, ताई." भाषणाचा उरलेला भाग मी तार धरून केला. मध्ये एकदा चटका बसला. भाषण संपलं तेव्हा एक रेडिओ सुरू झाला होता आणि त्यानं शेजारून दोन बशा सुशीला मागवली होती. चुरमुरे भिजवून फोडणीला घातलेले, वर शेंगदाण्याचं कूट. मराठवाड्यात दुष्काळ असो वा सुकाळ, सुशीला कुठंही वाईट मिळत नाही. देगलूरची जरा जास्त तिखट आणि चिंचेकडे झुकणारी.

"तुम्ही लोकांना रोबोट का मागायला लावला?" मी विचारलं.

राजन्ना हसला. "उद्या मी जाऊन राहिलो तिकडं. चला. तिथंच बघा."

धोंडवाडी

जळकोटापर्यंत एसटी, पुढं चार मैल पायी. राजन्नाच्या डोक्यावर टीव्ही होता. छोटा, काळापांढरा, बॅटरीवर चालणारा. कुणीतरी दुरुस्तीला टाकलेला आणि कधीच न्यायला न आलेला. बॅटरी माझ्याकडे होती. तिच्यातलं पाणी माझ्या पातळावर सांडलं आणि तिथं भोकं पडली, ती अजून आहेत.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगड. रान असं की जमीन दगडांत शोधावी लागते. तिरू नदी ओलांडताना मी चपला काढल्या, तेव्हा राजन्ना म्हणाला की कशाला काढता. खरंच, नदीत वाळूच होती. वाळूत कंबरेएवढे खड्डे होते आणि प्रत्येक खड्ड्यात एक बाई बसून वाटीनं पाणी उपसत होती. एक वाटी काढायची आणि दुसरी भरेपर्यंत थांबायचं. आमच्या नांदेडला यंदा नळाला दिवसाआड पाणी येतं, त्यावर मी दोन खरमरीत लेख लिहिले होते. त्या नदीत मला ते आठवले.

त्यातल्याच एका खड्ड्यातून गयाबाई वर आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांच्या मुकादम. "जय भीम. तुम्ही पेपरच्या?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आमच्यावर हसलेल्या पेपरच्या का दुसऱ्या?"

"दुसऱ्या."

"मग भाकर खाऊन घ्या."

बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे. वीसेक घरं, पत्र्याचं विहार, त्यावर विटलेला निळा झेंडा. गयाबाईंनी हुलग्याचं माडगं आणि ज्वारीची भाकरी वाढली. माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज. घरी आजीनं केलेलं मी नाकं मुरडत प्यायचे. इथं दोन वाट्या प्याले.

जेवताना मी गयाबाईंना सरळ विचारलं, तुम्हाला रोबोट कशाला हवा.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाल्या, "कशाला म्हंजे? बोर पाडायला."

"रोबोट बोर पाडतो?"

"अगं माय," त्या राजन्नाकडे वळल्या, "हिला सांगितलं न्हाई का तू?" आणि मला म्हणाल्या, "ताई, रोबाट म्हंजी ती बोरची गाडी. ट्रकवर येते ती."

माझा घास हातातच राहिला. झालं होतं ते एवढंच. गेल्या हिवाळ्यात जळकोटाला बोर पाडायला गाडी आली. ट्रकवर आडवा निजलेला तो लोखंडी सांगाडा घरघरत उभा राहिला, चार पाय जमिनीवर टेकले, धूर सोडला. रविवारी मालिका बघणाऱ्या वस्तीतल्या कुणीतरी म्हटलं, आला की आपला रोबाट. त्या दिवसापासून त्या गाडीला इथं दुसरा शब्द नाही. "रोबाट कुठवर आला?" "रोबाट हाडोळीला गेला." अर्ज लिहिताना सगळ्यांनी सांगितलं तेच राजन्नानं लिहिलं. यात चूक आहे असं कुणाला वाटलंही नव्हतं.

आणि अर्ज कशासाठी, तेही ऐका. विहीर वरच्या गावात आहे. वस्तीतल्या बायकांनी तिथं घागर घेऊन उभं राहायचं आणि कुणाला सवड झाली की त्यानं वरून ओतायचं. पाणी होतं तोवर उशिरा का होईना मिळायचं. आता विहिरीनं तळ गाठलाय, त्यामुळे वरच्यांचं भरून होईस्तोवर ओतायला काही उरत नाही. म्हणून नदीतले खड्डे. वस्तीत स्वतःचा बोर झाला तर उभं राहणं संपणार होतं. बोरची गाडी पुढच्या आठवड्यापर्यंत जळकोटाच्या आसपास होती, त्यानंतर दुसऱ्या तालुक्याला जाणार होती. पहिला अर्ज जुन्या जिल्ह्याला गेला, तो तिथंच राहिला. दुसरा नव्या जिल्ह्याला गेला आणि तुम्ही त्यावर हसलात.

रविवार

टीव्ही विहारासमोरच्या लिंबाखाली ठेवला. पंचायतीचा मोठा टीव्ही वरच्या गावात आहे, पण तो देवळाच्या ओसरीवर, आणि वस्तीनं तो पायऱ्यांखालून बघायचा. म्हणून राजन्ना दर शनिवारी जळकोटच्या बाजाराला येतो आणि रविवारपर्यंत थांबतो. लिंबावर पाइप बांधून अँटेना चढवला होता. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग माणसं.

मालिका जपानची आणि बोलणं इंग्रजीत. राजन्ना टीव्हीशेजारी उभा राहून सांगत होता. मला इंग्रजी बऱ्यापैकी येतं, त्यामुळे दोन मिनिटांत मला घाम फुटला. पडद्यावरचे शास्त्रज्ञ समुद्रातून येणाऱ्या प्राण्याबद्दल आणि शहर रिकामं करण्याबद्दल बोलत होते. राजन्ना सांगत होता, "साहेब म्हणतेत, टँकर कुठं गेला. ह्यो चष्म्यावाला म्हणतो, मला काय माहीत, मी रजेवर होतो." सगळी वस्ती खदखदली. मग पडद्यावर सेनापतीनं हल्ल्याचा हुकूम दिला आणि राजन्नाच्या तोंडून तो निघाला, "आधी सही आणा."

मी सत्याच्या बाजूची. मोठ्यानं म्हणाले, "ते असं म्हणत नाहीत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मागून एक म्हातारे आजोबा म्हणाले, "मग काय म्हणतेत?"

मी सांगितलं. कळलं तेवढं अचूक सांगितलं. वाक्य सांगून होईपर्यंत पडद्यावर दुसरंच काही चाललेलं असायचं. तीन वाक्यांनंतर आजोबा शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर असंल. पण राजन्नाचं ऐकू द्या."

मी भाषांतर सोडलं आणि बघू लागले. यंत्रमाणूस वळला की गुडघ्यामागं त्याच्या लोखंडाला घडी पडत होती. कोसळणाऱ्या इमारती पुठ्ठ्याच्या होत्या, समुद्रातल्या राक्षसाच्या शेपटीची तार दिसत होती. हे सगळं खोटं असल्याचं गयाबाईंना दाखवावं म्हणून मी कुजबुजले, की आत माणूस आहे, घडी बघा.

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "आत माणूस हाय म्हणून तर बघावं वाटतंय. उन्हात तेवढं वझं घालून पडतो, उठतो. किती घामेजत असंल." पाच दिवस खडी फोडणाऱ्या बाईनं हे म्हटलं, आणि 'पडद्यावरची अफू'चं पहिलं पान माझ्या पिशवीत जड झालं.

संपल्यावर मी राजन्नाला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुम्हाला इंग्रजी येतं का.

"न्हाई," तो म्हणाला. "तोंडं वाचता येतेत."

पुढच्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. त्यात काय होणार याची वस्तीत पैज लागली होती. शेवट अमुकच सांगेन असं वचन राजन्नानं कुणालाच दिलं नव्हतं.

लातूर

सोमवारी गयाबाई आणि मी लातूरला गेलो. लातूर नवा जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली, पण अजून नव्या घरात बिऱ्हाड हलवल्यासारखं दिसतं. कचेरी भाड्याच्या इमारतीत, खाली खताचं दुकान. बाकांच्या पाठीवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगवलेलं होतं, ते खरवडलं तरी वाचता येत होतं. गयाबाई बाकावर न बसता खाली बसू लागल्या, तेव्हा मी त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं. एवढं एक काम माझ्या मनासारखं झालं.

कारकून तरुण होता आणि सभ्य होता, यानं माझी पंचाईत झाली. मी बसमध्ये भाषण तयार केलं होतं. अर्ज बघून तो हसला नाही. म्हणाला, "रोबाट नावाचा काही नमुना नाही, बाई. विंधन विहीर लिहा."

"विंधन म्हणजे काय, हे त्या वस्तीत एकालाही माहीत नाही," मी म्हणाले. "तुम्ही घरी विंधन म्हणता का?"

"घरी बोर म्हणतो."

"मग अर्जात लोकांनी तुमचा शब्द का शिकायचा? तुम्ही त्यांचा का नाही?"

त्यानं अर्ज पुन्हा वाचायला घेतला. मी पुढचं वाक्य उचललं, तेवढ्यात गयाबाईंनी माझा पदर ओढला. "ताई, तुमचं भांडण खरं हाय," त्या हळू म्हणाल्या. "पण गाडी आठ दिवसच हाय. आधी लिवा, मंग भांडा."

मी लिहिलं. कारकून सांगत गेला आणि मी 'विंधन विहीर' असं तीन वेळा लिहिलं. सही करायच्या आधी गयाबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "इथं कंसात आमचा शब्द बी घाला."

"कशाला?" कारकुनानं विचारलं.

"हा कागद वस्तीत वाचून दावावा लागंल. तुमचंच नाव ऐकलं तर लोक म्हणतील, ह्या लातूरला जाऊन दुसरंच काही मागून आल्या."

कारकुनानं पेन खाली ठेवलं, वर घेतलं आणि म्हणाला, घाला. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी हे चाललं असतं की नाही, मला शंका आहे. पण आता लातूरच्या एका फायलीत 'विंधन विहीर' या शब्दापुढं कंसात 'रोबाट' आहे, आणि ते माझ्या अक्षरात आहे. माझ्या छापून आलेल्या सगळ्या मजकुरापेक्षा मला त्याचा अभिमान वाटतो.

स्टँडवर आम्ही काळा चहा प्यालो. दूध नव्हतं. गयाबाई म्हणाल्या, "आता भांडायचं असंल तर जाऊन या, मी थांबते." मी गेले नाही.

पुन्हा रविवार

मी परत नांदेडला जाणार होते, पण राहिले. दिवसा बायकांबरोबर खडी फोडली. माझ्या वाटणीची किती झाली, हे विचारू नका. बुधवारी लातूरच्या कचेरीतले साहेब येऊन बोरची जागा म्हणून विहारामागच्या खडकावर चुन्याची फुली मारून गेले. गाडीचा मात्र पत्ता नव्हता. शनिवारी संध्याकाळी गाडी जळकोटातच असल्याचं कळलं, आणि सोमवारी ती जाणार हेही.

रविवारी लिंबाखाली टीव्ही लागला. शेवटचा भाग. वस्ती जमली, राजन्ना उभा राहिला, पडद्यावर यंत्रमाणूस समुद्राकडे तोंड करून उभा. आणि त्याच वेळी वरच्या रस्त्यावरून घरघर ऐकू आली.

आधी आजोबा उठले. मग सगळेच. मी वळून पाहिलं तर लिंबाखाली कुणी नव्हतं. जपानी माणसं इंग्रजीत बोलत होती आणि एक शेळी तेवढी ऐकत होती.

गाडी फुलीपाशी आली. पाय टेकले, सांगाडा उभा झाला. गाडीवरची माणसं तमिळ मुलखातली, मराठीचा शब्द येत नव्हता, पण त्यांच्या म्होरक्याला तेलुगू येत होतं, म्हणून राजन्ना त्याच्याशेजारी उभा राहिला. छिद्रातून पांढरी भुकटी उडू लागली. एक नळी गेली, दुसरी गेली. दुपार कलली. नळ्या जात होत्या आणि भुकटी पांढरीच होती. दहाव्या नळीनंतर यंत्र थांबलं. म्होरक्या काहीतरी बोलला. गयाबाईंनी विचारलं, "काय म्हणतो?"

दर रविवारी चार माणसांची बोलणी एका दमात रचणारा माणूस खाली बघत उभा होता. मग सावकाश म्हणाला, "म्हणतो, कागदावर दोनशे फूट. झाले. आता गाडी काढतो."

मी पुढं झाले, कुणाशी आणि कोणत्या भाषेत भांडणार होते देव जाणे. पण राजन्नानं मला हातानं थांबवलं आणि म्होरक्याशी तेलुगूत बोलू लागला. बराच वेळ बोलला. बोलताना दोनदा माझ्याकडे बोट केलं. म्होरक्यानं मला खालून वरपर्यंत बघितलं, डोक्याचा फडका झटकला आणि अकरावी नळी लावायला सांगितलं.

ती अर्धी गेली असेल. भुकटी करडी झाली. मग उडायची थांबली. मग चिखल वर आला आणि त्यामागून पाणी, वीतभर, दम खात खात. मोठं नव्हे, पण हातपंपाला पुरेल एवढं. म्होरक्यानं वाकून ते ओंजळीत धरलं आणि तोंडावर मारलं. भुकटीनं तो नखशिखांत पांढरा झाला होता, पाणी लागल्यावर त्यातून चेहरा दिसू लागला. गयाबाई त्याच्याकडे बघत मला म्हणाल्या, "बघ, आत माणूस हाय."

मी राजन्नाला विचारलं, काय सांगितलं त्याला.

"म्हणलं, ह्या पेपरवाल्या बाई. ह्यांचं दिल्लीत वाचतेत."

आमचं पाक्षिक नांदेडच्या स्टेशनपलीकडे फारसं जात नाही. मी त्याला तसं सांगितलं. खोटं ते खोटंच, असंही म्हणाले. तो म्हणाला, "हाव, खोटंच. पाणी बघा खारं हाय का."

गोड होतं.

आता तिथं हातपंप बसलाय. गेल्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन आले. वरच्या गावातल्या बायकाही घागरी घेऊन वस्तीत येतात. पहिल्या दिवशी त्या लांब उभ्या राहिल्या होत्या. गयाबाई दांडा सोडून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "भरा की. इथं कुणी ओतून देत नसतं."

वडिलांनी हा मजकूर वाचून जुळवायला घेतलाय. 'पडद्यावरची अफू' मी फाडली नाही, पाठकोऱ्या बाजूवर हे लिहिलं.

एक काम मात्र राहिलंय आणि ते तुमचं आहे. त्या रविवारी धोंडवाडीतल्या एकानंही शेवटचा भाग बघितला नाही. पैज तशीच आहे. नांदेडात मी तिघांना विचारलं. एकानं सांगितलं की यंत्रमाणूस आकाशात गेला, दुसऱ्याच्या मते तो समुद्रात बुडाला, तिसरा म्हणाला की त्या वेळी आमच्याकडची वीज गेली होती. तुमच्यापैकी कुणी तो भाग नीट बघितला असेल, तर एक पोस्टकार्ड या अंकाच्या पत्त्यावर टाका. मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात, कारण ते लिंबाखाली मोठ्यानं वाचलं जाणार आहे. आणि बघितला तसाच लिहा. फेरफार करायचा असेल तर त्याला तिथं राजन्ना आहे.